गॅस वाढवावा व स्वस्थ बसावे

रांगेत तिच्या पुढे सहा जण होते आणि सहाही जणांचे सिलिंडर जमिनीवर ठेवलेले होते. ठकूने मात्र आपला छातीशी धरला होता, जुन्या शालीत गुंडाळून, वरच्या चावीवर हातरुमाल बांधून. पंधरा मिनिटं झाली, दंड भरून आले, तरी खाली ठेवायची तिची हिंमत होईना. ठेवताना आपटला तर? आपटून फुटला तर? खरं तर तो रिकामा होता, रिकामा होता म्हणूनच ती तो भरून घ्यायला आली होती. पण काळजी करणाऱ्या माणसाला इतकं साधं कुठे सुचतं!

"खाली ठेवलात तर रडणार नाही तो," मागून कोणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. उंच, सडपातळ, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या धराव्यात तसे दोन सिलिंडर. उजवी बाही खांद्यापर्यंत ओली आणि डावी कोरडी ठणठणीत.

"मला जड नाही होत," ठकू म्हणाली. हे धादांत खोटं होतं आणि तिच्या कपाळावरचा घाम ते सांगत होता.

"बरं. सोड्याचं दुकान आहे का तुमचं?"

"नाही. घरी टाकी आहे. समुद्राच्या पाण्याची... प्रवाळं आहेत त्यात."

त्याचा चेहरा एकदम बदलला. गावचं माणूस भेटल्यावर होतो तसा.

"म्हणजे रिअ‍ॅक्टर आहे! मग तुमचे मिनिटाला किती?"

रांगेतली दोन डोकी मागे वळली.

"काय किती?"

"बुडबुडे."

ठकूला माहीत नव्हतं. 'माहीत नाही' एवढंच म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि काय झालं कोण जाणे, डोळ्यांत पाणीच आलं. चार दिवस जे कोणाला बोलली नव्हती ते तिने त्या ओल्या बाहीच्या अनोळखी माणसाला रांगेत उभ्याउभ्या सांगून टाकलं. बाबा गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी दादाकडे गेलेत, तीन आठवडे येणार नाहीत, टाकी माझ्यावर टाकून गेलेत, आणि चौथ्याच दिवशी गॅस संपला. त्याने मधे एकदाही 'काळजी करू नका' म्हटलं नाही. त्याने फक्त तिच्या हातातला सिलिंडर अलगद काढून घेतला आणि खाली ठेवला.

बाबांच्या टाकीचं थोडं सांगायला हवं. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं ते रोज आठच्या ठोक्याला दुकान वाढवून घरी यायचे आणि आईला दिवसभराच्या घड्याळांच्या कथा सांगायचे. मग डोळे थकले, दुकान गेलं. त्याच वर्षी आईही गेली. बाबा दोन महिने कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या महिन्यात त्यांनी बाहेरच्या खोलीत चार फुटी टाकी आणली, तिच्यात अंगठ्याएवढा एक प्रवाळाचा तुकडा चिकटवला आणि त्याच्याशी बोलायला लागले. त्या तुकड्याचं आता घमेल्याएवढं झाड झालं होतं, फांद्यांची टोकं जांभळी. त्याचं नाव थोरली. मुलं किती असं कोणी विचारलं की बाबा सांगायचे, "थोरली टाकीत, मधला परगावी, धाकटी छापखान्यात." लोक हसायचे. ठकूही हसायची, पण तिला माहीत होतं की यात थट्टा अर्धीच आहे. थोरलीला काही झालं तर बाबा पुन्हा गप्प होतील, आणि या वेळी कदाचित बोलतेच होणार नाहीत. या भीतीने ती चार रात्री नीट झोपली नव्हती.

जाताना बाबांनी निळ्या पुठ्ठ्याची वही तिच्या हातात दिली होती. काय झाल्यास काय करावे, सगळं घड्याळजीच्या बारीक अक्षरात. "अडलं तर वहीत बघ. आणि थोरलीला हात लावू नकोस," एवढं बोलून ते काठी टेकत निघून गेले होते.

भरलेला सिलिंडर पाणीवाल्यानेच घरी आणून दिला. पाणीवाला हे त्या ओल्या बाहीच्या माणसाला तिने मनातल्या मनात दिलेलं नाव. दवाखान्यांतल्या, कचेऱ्यांतल्या आणि हौशी लोकांच्या घरातल्या टाक्या सांभाळणं हा त्याचा धंदा. टाकीखालच्या कपाटात तो गुडघ्यांवर बसला, ठकूने विजेरी धरली, आणि त्याने तिला पहिल्यांदाच नीट समजावून सांगितलं. हे उभं नळकांडं म्हणजे रिअ‍ॅक्टर. यात मेलेल्या प्रवाळांचे खडे. टाकीचं पाणी यातून फिरतं, त्या पाण्यात या गॅसचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे, बुडबुडे सोडायचे. पाणी किंचित आंबट होतं, खडे विरघळतात आणि ते पाणी थेंबाथेंबाने वर टाकीत जातं. जिवंत प्रवाळं त्यातूनच आपलं हाड बांधतात.

"मेलेल्यांची हाडं जिवंतांना?" ठकू म्हणाली.

"पेन्शनच म्हणा ना."

तिला हसू आलं आणि विजेरी हलली. गॅस जास्त सोडला तर खडे जास्त विरघळणार, कमी सोडला तर कमी, तो सांगत होता. किती विरघळलं ते कळायला पाण्याची क्षारता मोजायची. तिला त्याच्या धंद्यात नुसतं 'केएच' म्हणत. केएच आठ असावा. सातला उपासमार, दहाला अजीर्ण, आणि झटक्याने वर गेला तर प्रवाळाची कातडी उसवते. गॅस संपल्याने आता सात होता. त्याने रेग्युलेटरची चावी केसभर फिरवली, ओठ हलवत बुडबुडे मोजले, पुन्हा केसभर फिरवली.

"चोवीस. आता उद्या याच वेळेपर्यंत हात लावायचा नाही."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत काही नाही. यात निम्मं काम वाट बघायचं असतं. एका वेळी एकच बदल करायचा आणि मग चोवीस तास हात मागे बांधून बसायचं."

हात मागे बांधून बसणं! ठकू छापखान्यात मुद्रितं तपासायची. शाळेची पुस्तकं, औषधांच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, येईल ते. एकेक पान तीनदा वाचायची आणि घरी येऊन चौथ्यांदा आठवायची. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून परत वर येणाऱ्यांतली ती होती. अशा मुलीच्या घरी मिनिटाला चोवीस वेळा टपकणारी काळजी येऊन बसली.

म्हणून ठरलं की तिने रोज संध्याकाळी सातला केएच मोजायचा आणि त्याला आकडा पाठवायचा. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, निळं पाणी पिवळं होईपर्यंत मोजायचे. पहिल्या दिवशी तिने सात पूर्णांक दोन असं लिहून पाठवलं आणि फोन हातातच धरून बसली. उत्तर आलं, "ठिक".

ठकूने एक मिनिट धीर धरला. मग तिच्याच्याने राहवेना. "ठीक. ठी दीर्घ," तिने लिहिलं, आणि पाठवल्यावर जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सात पूर्णांक पाच. उत्तर आलं, "पाणि छान आहे." तिने णी दीर्घ करून परत पाठवला. तिसऱ्या दिवशी त्याने 'परिक्षानळि' लिहिलं. एका शब्दात दोन चुका! ठकू छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत ते आठवून एकटीच हसली आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. सहाव्या दिवशी तो टाकी बघायला आला तेव्हा वहीत त्याने पुढच्या आठवड्याच्या सूचना स्वतःच्या हाताने लिहिल्या. अर्धं पान. एकही वेलांटी चुकलेली नाही.

ठकूने ते पान वाचलं, तीनदा वाचलं, आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला शुद्धलेखन येतं."

"येतं ना," तो टाकीकडे बघत म्हणाला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

"मग फोनवर...?"

"बरोबर लिहिलं असतं तर तुम्ही उत्तर दिलं असतं?"

ठकूने वही मिटली. बोलण्यासारखं खूप होतं, पण त्याच वेळी तिच्या मनात नवीच काळजी आली, की तीन आठवडे संपल्यावर हा येणार कशाला? बाबा आले की टाकी त्यांची, चावी त्यांची. थोरली वाचावी म्हणून ती दिवस मोजत होती, आणि दिवस संपू नयेत असंही तिला वाटायला लागलं होतं. एकाच माणसाने दोन्ही कसं वाटून घ्यावं?

तेराव्या दिवशी तो परगावी गेला. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात नवी टाकी बसवायची होती, तीन दिवसांचं काम, आणि तिथे फोन लागत नाही हे त्याने आधीच सांगितलं होतं. केएच आठाच्या पुढे सरकायला लागला तर गॅस जरा कमी करा, असंही जाता जाता म्हणाला होता. पण ते म्हणताना तो जिना उतरत होता, आणि ती त्याच्या पाठीकडे बघत होती.

त्याच संध्याकाळी केएच आला नऊ पूर्णांक सहा.

तिने पुन्हा मोजला. पुन्हा तेवढाच. त्याला फोन लावला, लागला नाही. दादाला लावला, बाबांच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन सकाळीच झालं होतं, आज त्यांना काही विचारू नकोस म्हणाला. मग ती निळी वही उघडून बसली. बाराव्या पानावर, बाबांच्या सुबक अक्षरात, स्पष्ट लिहिलं होतं: 'केएच साडेनऊच्या वर गेल्यास गॅस वाढवावा व स्वस्थ बसावे.'

ठकू त्या ओळीकडे बघत राहिली. तो म्हणाला होता, गॅस कमी करा. बाबा म्हणत होते, वाढवावा. तो नक्की काय म्हणाला होता? 'कमी'च म्हणाला होता ना? आणि विजेरी धरून ऐकलं होतं ते, जास्त गॅस म्हणजे जास्त केएच, की उलटं? ती जिन्यातलं त्याचं वाक्य आठवू लागली, आणि जितकं आठवावं तितकं ते पुसट होऊ लागलं. बाबांचं मात्र शाईत होतं. बाबा पंधरा वर्षं ही टाकी सांभाळत होते. त्याला ती ओळखत होती तेरा दिवस... त्यातही तो मुद्दाम चुका करणारा.

तिने डोळे मिटून चावी फिरवली. चोवीसाचे तीस झाले.

दुसऱ्या दिवशी केएच अकरा. वही तेच सांगत होती. तिने तिसाचे चाळीस केले. स्वस्थ बसणं काही तिला जमलं नाही, पण टाकीसमोर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी केएच तेराच्या वर होता आणि थोरलीची जांभळी टोकं खडूसारखी पांढरी पडली होती. बुडाजवळ, जिथे ती दगडाला चिकटलेली होती, तिथे कातडी सुटून पाण्यात लोंबत होती.

पाणीवाला परगावाहून थेट तिच्याकडेच आला. खांद्यावर पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. कपाटात वाकला आणि थबकला.

"हे कोणी केलं?"

"मी. वहीत आहे तसंच केलं."

त्याने आधी गॅस बंद केला. मग वही घेऊन ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. "बाबांनी उलटं लिहिलंय," तो हलकेच म्हणाला.

ठकूला राग आला. खरं तर ती इतकी घाबरली होती की त्या भीतीला रागाचंच तोंड सापडलं. बाबा उलटं लिहीत नाहीत, ती म्हणाली. आयुष्यभर घड्याळं उघडून परत जोडणाऱ्या माणसाचा एक दाता कधी उलटा बसला नाही. दिवसभर मी लोकांच्या चुका काढते, चूक कशाला म्हणतात ते मला कळतं. आणि केएच वाढत होता तो कोणाच्या चोवीसाने? तुम्हीच लावून गेला होतात ना?

तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "केएच हळूहळूच उतरू द्या. एकदम उतरवलात तर उरलेलीही जाईल. रोज आकडा पाठवा."

"काही गरज नाही," ठकू म्हणाली.

तो गेला. सातला तिने नळीत थेंब मोजले, दोनदा मोजले. आकडा तिने पाठवला नाही. साडेसातला त्याचाच निरोप आला: 'कृपया पाण्याची पातळी तपासून पाहावी.' एकही चूक नव्हती. ते वाचून तिला इतकं वाईट वाटलं की फोन तिने उशीखाली ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्यातच दादाचा फोन आला. बाबा बरे होते, उठून बसले होते, धाकटीशी बोलायचं म्हणत होते. ठकूने आवाज शक्य तेवढा सरळ ठेवला. थोरली कशी आहे विचारल्यावर म्हणाली, बरी आहे, आणि समोरच्या मुद्रितावर उगाच पेन्सिल फिरवू लागली. तेवढ्यात बाबा पलीकडे कोणाला तरी म्हणाले, "सूनबाई, तेवढा तो दिवा वाढव गं. डोळ्यांवर येतोय." फोनमधून बटणाचा खटका ऐकू आला. "हं... आता बरं वाटलं," बाबा म्हणाले.

ठकूच्या हातातली पेन्सिल थांबली.

दिवा वाढव. दुकान वाढवलं. बाबा कधी बंद कर म्हणतच नसत. विझव, मिटव, बंद कर, हे अभद्र शब्द चाळीस वर्षं गल्ल्यामागे बसलेल्या माणसाच्या तोंडी बसतच नव्हते. बंद करायचं ते सगळं बाबा वाढवायचे! गॅस वाढवावा म्हणजे गॅस बंद करावा. आणि स्वस्थ बसावे. ओळीत काना-मात्रेची चूक नव्हती, बाबांनी उलटं लिहिलं नव्हतं, त्याने चुकीचं सांगितलं नव्हतं. सबंध छापखान्याची शुद्धलेखनं सुधारणारी मुलगी आपल्या घरच्या एका शब्दात नापास झाली होती.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली.

तो एका दातांच्या दवाखान्यात सापडला. बाहेरच्या खोलीत पाच-सहा रोगी बाकांवर बसलेले, आणि तो स्टुलावर उभा राहून, उजवा हात खांद्यापर्यंत टाकीत घालून काचेवरचं शेवाळ खरवडत होता. ठकू काचेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. दोघांच्या मधून पिवळे मासे जात होते.

"तुम्ही बरोबर होतात," ती म्हणाली.

तो खरवडत राहिला.

"आणि बाबाही बरोबर होते."

आता हात थांबला. तिने एका दमात सगळं सांगितलं. दिवा, दुकान, सूनबाई, खटका. बाकावर गाल सुजलेले एक काका रुमाल धरून बसले होते, ते मान हलवून म्हणाले, "आमचे वडीलही असंच म्हणायचे. दुकान वाढवलं." गाल दुखत असूनही एवढं सांगावंसं त्यांना वाटलं.

"मी वाईट बोलले तुम्हाला," ठकू म्हणाली. सगळा दवाखाना ऐकत होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "तुम्हाला राग आला असेल."

"वही मानलीत त्याचा नाही आला. वडील पंधरा वर्षं, मी तेरा दिवस... मीही तेच केलं असतं." तो पाण्यातल्या आपल्या हाताकडे बघत होता. "'गरज नाही' म्हणालात, त्याचा आला थोडा."

"गरज आहे," ती म्हणाली. मग घाईघाईने, "थोरलीला."

तो त्या वेळी पहिल्यांदा हसला, आणि हात काढून पुसायला टॉवेल शोधू लागला.

घरी येऊन पाहिलं तर हसण्यासारखं काही नव्हतं. केएच उतरत होता, पण बुडाची कातडी सकाळपासून आणखी दोन बोटं वर सुटली होती. पाणीवाला बराच वेळ काचेला नाक लावून बसला.

"हे असंच वर जाणार," तो म्हणाला. "दोन दिवसांत टोकांपर्यंत. वाचवायची असेल तर एकच उपाय आहे. वरचा जिवंत भाग कापून वेगळा करायचा आणि नव्या दगडांवर लावायचा. जगेलच असं नाही."

"आणि नाही कापलं तर?"

"नाही कापलं तर नक्की जगणार नाही."

त्याने पिशवीतून जाड कातर काढली आणि तिच्याकडे पाहिलं. कपाटावर निळी वही होती आणि बाबांचे शब्द तर तिला वहीशिवायच पाठ होते. थोरलीला हात लावू नकोस. पंधरा वर्षांचं झाड. चुकलं तर बाबांना काय तोंड दाखवायचं? तिला वाटलं, फोन करावा, विचारावं, उद्यापर्यंत थांबावं, अजून एकदा मोजावं... तिचं मन सगळ्या बंद दारांच्या कड्या वाजवून आलं. मग तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. कातर धरून तो स्थिर होता.

"कापा," ती म्हणाली.

"बाबांना एकदा—"

"नको. मी सांगते आहे. कापा."

कातरीचा आवाज पाण्यात फार बारीक आला, कट्... पण ठकूला तो दातांत जाणवला. चार वेळा आला. त्याने एकेक फांदी वर दिली, तिने ती ओंजळीत घेतली. बाहेरून खरखरीत, धरायला वाटलं होतं त्याहून जड. दोघांनी मिळून चार दगडांवर त्या चिकटवल्या. चिकटवताना त्याची ओली बोटं तिच्या बोटांवर राहिली, जरा जास्तच वेळ राहिली, आणि दोघांनीही गोंद वाळायची वाट बघतोय असं दाखवलं.

जगतील की नाही हे कसं कळणार, तिने विचारलं. फांद्यांवर बारीक केसांसारखे तोंडांचे झुबके असतात, तो म्हणाला. ते उघडले तर जगल्या. दोन-चार दिवसांत, नाही तर कधीच नाही.

निघताना तो दारात रेंगाळला.

"रविवारी बाबा येतात," ठकू म्हणाली. "अकरापर्यंत. तुम्ही या."

"टाकी बघायला?"

"नाही. मी त्यांना सांगेन तेव्हा... शेजारी कोणीतरी असावं."

"कोणीतरी?"

ठकू दाराच्या कडीशी खेळत राहिली. "अकरा वाजता या," एवढंच म्हणाली.

पुढचे चार दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. सकाळी उठल्याउठल्या काचेपाशी, छापखान्यातून आल्याआल्या काचेपाशी. शुक्रवारी एक फांदी उघडली. शनिवारी आणखी दोन. चौथी बंदच राहिली. तीन उघडल्या याचा आनंद करावा की चौथीसाठी जीव टांगावा, हे ठकूला विचारायलाच नको. ती चौथीसमोर बसून राहिली.

आणि रविवारी बाबा सव्वादहालाच आले.

दादा त्यांना खुर्चीत बसवून गाडी लावायला खाली गेला. बाबांनी चष्मा नीट केला, वाकले, आणि टाकीकडे पाहिलं. मधला मोठा दगड रिकामा होता. बाजूला वाळूत चार छोटे दगड, चार छोट्या फांद्या. त्यांनी काचेवर बोट टेकवून त्या मोजल्या.

मग तिने सांगितलं, काही न लपवता. ओळ, चावी, तीस, चाळीस, तेरा. फोनवर बोललेलं खोटं.

"वाढवावा म्हणजे दुकान वाढवतो तसा," बाबा गोंधळून म्हणाले. "त्याचा दुसरा काय अर्थ होतो?" मग त्यांचं त्यांनाच उमगलं. त्यांनी कपाळावर हात ठेवला आणि पुन्हा टाकीकडे पाहिलं. "मेली असती गं."

"हो."

"कापलं कोणी?"

"आम्ही," ठकू म्हणाली.

बाबांची मान हळूच वळली. ही मुलगी जन्मात कधी स्वतःच्या चुकीत वाटेकरी घेत नव्हती आणि सुखात तर त्याहून नाही. मी चुकले, मी विसरले, मी केलं, असंच बोलायची.

"आम्ही म्हणजे कोण?"

ठकूने घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. तो यायला अर्धा तास होता. तो शेजारी असता तर बरं झालं असतं. पण नव्हता, आणि बाबा उत्तराची वाट बघत होते. तिला एकाएकी वाटलं की हे वाक्य तपासत बसलो तर ते कधीच छापलं जाणार नाही.

"टाक्या सांभाळतो तो," ती म्हणाली. "गॅसच्या रांगेत भेटला. त्यानेच थोरली वाचवली. आणि बाबा... मला आवडतो तो. खूप आवडतो. त्याचं येणं बंद झालं तर मला नाही चालणार."

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून मागे बघत होते. दादाने दार उघडंच टाकलं होतं, आणि उंबऱ्यावर, एक चप्पल काढलेली आणि एक पायातच, पाणीवाला उभा होता. अर्धा तास आधीच आला होता. ओला दिसत नव्हता. आज दोन्ही बाह्या कोरड्या होत्या, इस्त्रीच्या.

ठकूला वाटलं, टाकीखालच्या कपाटात शिरून आतून कडी लावून घ्यावी.

"मला... मला नीट ऐकू आलं नाही," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या मात्र वेगळंच सांगत होत्या.

"बाबा बसलेत इथे," ठकू पुटपुटली.

"मी चौथी बघतोय," बाबा म्हणाले, आणि खुर्ची करकरवत तोंड काचेकडे फिरवून बसले. "हिचं डाव्या बाजूला उघडतंय असं वाटतं. तुमचं चालू द्या."

उघडत होती की नाही देव जाणे. ठकूने त्या वेळी पहिल्यांदा टाकीकडे वळून पाहिलं नाही. तीन आठवडे तिने या माणसाला तुम्ही म्हटलं होतं, रोज सातला म्हटलं होतं, भांडतानासुद्धा म्हटलं होतं. ती दारापर्यंत चालत गेली.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "आलं ऐकू?"

"आलं," तो म्हणाला, आणि दुसरी चप्पल काढून आत आला.